तलवार उजव्या कमरेला

चादरीला उलटी बाजू असते, असं सोलापुरात कुणी म्हटलं तर लोक हसतील. एका अंगाला निळ्यावर पांढरी फुलं, दुसऱ्या अंगाला पांढऱ्यावर निळी. कुठलंही अंग वर घ्या, ऊब तेवढीच. सिद्धम्मानं बारा वर्षं अशा चादरींची नक्षी काढली. मोर डावीकडं बघतो की उजवीकडं, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिलाही कधी तसा प्रश्न पडला नाही.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. बाळीवेशीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा गेल्यापासून घरात ती आणि सासू निंगव्वा, दोघीच. बारीक चौकटींचा ग्राफचा कागद पाटावर अंथरून ती एकेक चौकट रंगवायची आणि हळूहळू त्यातून फूल उठायचं. शिवलिंगप्पांच्या कारखान्यातला धुळाप्पा तो कागद न्यायचा, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचा आणि त्या भोकांप्रमाणं मागावरचे दोरे वरखाली व्हायचे. हे सगळं तिला ऐकून माहीत. कांड्या भरायला बायका कारखान्यात येत, पण त्या मागच्या पडवीत बसत. आपल्यातल्या बाईनं मागांच्या खोलीत पाऊल टाकणं शिवलिंगप्पांना खपायचं नाही.

त्या वर्षी एका सूतगिरणीत नवी यंत्रं बसवायला जपानहून ओकुदा नावाचे इंजिनिअर आले होते. शिवलिंगप्पांची त्यांची ओळख झाली. साहेब परत निघताना त्यांना त्यांच्याच देशाचं चित्र विणून भेट द्यावं, असं शिवलिंगप्पांच्या मनात आलं. साहेबांनीच दिलेलं एक कॅलेंडर घेऊन ते सिद्धम्माच्या दारात आले.

"यातलं एक चित्र काढ. भिंतीवर लावायचं. आणि नीट ऐक, सिद्धम्मा. माझा पुतण्या मुंबईचा डिप्लोमावाला आणू म्हणून मागं लागलाय. हे चित्र उठून दिसलं तर तुझा कागद तुझ्याकडंच राहील. नाहीतर दिवाळीपासून मी तरी काय करणार?"

"काढते, अण्णा," ती म्हणाली. दुसरं काही तिला येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दुसरं काही करावंसंही वाटत नव्हतं.

कॅलेंडरला सहा पानं होती आणि सहाही पानांवर सामुराई, म्हणजे तिकडचे जुने लढवय्ये. पाच चित्रं लाकडी ठशांनी छापलेली, प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. सहावं नुसत्या शाईचं. कुंचल्याच्या दहाबारा फटकाऱ्यांत माणूस बसलेला. तेच तिला सगळ्यांत आवडलं. पण वाळत आलेल्या कुंचल्याची ती खरखरीत रेघ चौकटींत बसेना, म्हणून तिनं ठशाचं एक चित्र निवडलं. पायघोळ अंगरखा, कमरेला दोन तलवारी, मान वळलेली, बुबुळं नाकाशी आलेली.

निंगव्वा वाकून बघत म्हणाली, "ह्यो कोण गं? डोळं तर वीरभद्राचं दिसत्यात."

"जपानी शिपाई हाय, अत्ती."

"मग मिशा का न्हाईत?"

"मी काढू का दोन?"

"काढ की! बिनमिशीचा कसला शिपाई!"

सिद्धम्मानं मिशा काढल्या नाहीत. बाकी सगळं मात्र जसंच्या तसं उतरवलं. अंगरख्याची चुणी न् चुणी, कोपऱ्यातली अक्षरंसुद्धा. ती तिला वेलीसारखी वाटली. कागद पुरा व्हायला पाच आठवडे लागले.

साहेब निघायच्या आदल्या दिवशी धुळाप्पा विणलेला तुकडा घेऊन आला. कडा दुमडून शिवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

"अक्का, लई झ्याक आलंय बघा. मालक येड्यागत बघत हुते."

तुकडा खरोखर देखणा होता. दुधाळ पांढऱ्या जमिनीवर निळ्या रेघा, मधे थोडा तांबडा. मापं जुळवायला म्हणून सिद्धम्मानं शेजारी कॅलेंडर ठेवलं आणि तिचा हात थांबला. कॅलेंडरातल्या माणसाच्या तलवारी डाव्या कमरेला होत्या. तिच्या माणसाच्या उजव्या. तिनं सहाही पानं उलटून पाहिली. सगळ्यांच्या तलवारी डावीकडं, सगळ्यांच्या अंगरख्याचा डावा पदर वर. फक्त तिच्या माणसाचा उजवा पदर वर आला होता.

"धुळाप्पा, हे उलटं झालंय."

"उलटं कसं? मागावर आपली एक बाजू खाली असती, एक वर. खालनं बघितलं की डावं-उजवं फिरतंच. कागदावरनं मी कायम अशीच भोकं पाडतुय. चादरीला कुटली सुलटी न् कुटली उलटी, अक्का?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. सिद्धम्माला वाटायचं, कागदावर असेल तसंच कापडावर येतं. बारा वर्षं दोघांचाही समज बिनबोभाट चालला होता.

तिनं तुकडा पालथा केला. मागच्या अंगानं तलवारी डावीकडं होत्या, अंगरखाही बरोबर होता. पण रंग फिरले होते. जमीन गडद निळी, रेघा पांढऱ्या, आणि माणसाचं तोंड जवळजवळ काळं.

गप्प राहिली असती तरी चाललं असतं. शिवलिंगप्पांना चित्र आवडलं होतं, काम तिच्याकडं राहणार होतं. तासभर तिनं हातात सुई धरली, एकही टाका घातला नाही. मग चित्राची गुंडाळी काखेत मारून ती पेढीवर गेली.

"अण्णा, हे असं देऊ नका. त्याचा अंगरखा उलटा पडलाय. आपल्यात एखाद्या बाईनं उजव्या खांद्यावर पदर घेतला तर कसं दिसेल?"

"गुजराती बाई दिसेल," शिवलिंगप्पा हसले. "अगं, भिंतीवर टांगायचाय त्याला. लढाईला धाडायचाय का?"

"मग ही बाजू वर करून देऊ या. त्याच्या तलवारी तरी जागेवर येतील."

त्यांनी पालथी बाजू पाहिली आणि त्यांचं हसू मावळलं. "काळं तोंड? पाहुण्याला निरोपाच्या वेळी काळ्या तोंडाचं चित्र देऊ? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"पण चूक आहे, अण्णा."

"चूक तुझी आणि ती मलाच सांगायला आलीस! जा, कडा शिवून आण."

तिनं शिवून दिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी चित्र दोन्ही हातांनी घेतलं, बराच वेळ पाहिलं, कमरेत वाकून आभार मानले आणि ते निघून गेले. धुळाप्पानं हे सगळं तिला येऊन सांगितलं. मालकांचा निरोपही त्याच्याकडंच होता: साहेबांना काही खटकलं नाही. आपल्याच कामात खोट काढणाऱ्या माणसाकडून धंदा होत नाही. दिवाळीपासून मुंबईवाला येतोय.

"मी बोललो त्येंना," धुळाप्पा खाली बघत म्हणाला. "पर आमचं कोण ऐकतंय?"

दिवाळी आली. डिप्लोमावाला आला आणि सिद्धम्माचा पाट रिकामा राहिला. ती शेजारच्या पोरींना भरतकाम शिकवू लागली. निंगव्वा अधूनमधून म्हणायची, "मिशा काढल्या असत्यास तर येवढं झालं नसतं." सिद्धम्मा हसायची. पण हात सवयीनं चौकटी मोजायचे. पोळपाटावर, खिडकीच्या जाळीवर, कुठंही.

संक्रांतीच्या आसपास शिवलिंगप्पांनी तिला बोलावलं. टेबलावर एक पत्र होतं आणि एक फोटो. इंग्रजी पत्र कारकुनानं आधीच वाचून दाखवलं होतं. शिवलिंगप्पांनी ते तिला आपल्या शब्दांत सांगितलं, घसा खाकरत, तुटकपणे.

ओकुदासाहेबांनी पुन्हा आभार मानले होते. घरात त्यांची ऐंशी वर्षांची आई होती. चित्र पाहिल्याबरोबर म्हातारीनं ते स्वतःच्या हातानं पालथं करून टांगलं होतं. आमच्याकडं उजवा पदर वर घेऊन फक्त मेलेल्या माणसाला कपडे घालतात, असं साहेबांनी लिहिलं होतं. आई जुन्या वळणाची आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नये. आता त्याचं तोंड काळं दिसतं, पण माणूस जिवंत आहे, असं ती म्हणते. काम फार सुंदर आहे. पुन्हा कधी केलंत तर एक आमच्या कचेरीसाठीही हवं आहे.

सिद्धम्मानं फोटो उचलला. निळ्याकाळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघांचा माणूस, तलवारी डाव्या कमरेला. खाली एक लहानशी म्हातारी गुडघे मोडून बसली होती.

"मी मेलेला माणूस दिला त्यांना," शिवलिंगप्पा म्हणाले. "आणि ते वाकून थँक्यू म्हणाले."

तिनं फोटो परत टेबलावर ठेवला.

"मुंबईवाल्याला दाखवलं. तो म्हणतो, त्यात काय, आरशात बघून काढू. पण पुन्हा काही उलटं पडलं तर तो मला सांगायला येणार नाही." त्यांनी ग्राफच्या कागदांची गुंडाळी तिच्याकडं सरकवली. "तू काढ. पहिल्यासारखं सगळंच तू काढ."

गुंडाळी दोघांच्या मधे तशीच पडून राहिली.

"काढेन," सिद्धम्मा म्हणाली. "पण घरी बसून नाही. विणताना मी मागापाशी असणार. पहिल्या वितीपासून."

"मागांच्या खोलीत? लोक काय म्हणतील?"

"मग धुळाप्पा पुन्हा मेलेलाच माणूस विणेल, अण्णा. त्याचा काय दोष?"

शिवलिंगप्पांनी फोटो उचलून खणात ठेवला. मग त्यांनी बाहेर तोंड करून हाक मारली. "धुळाप्पा! अक्कांना आत ने."

दार उघडलं तसा आतला खडखडाट अंगावर आला. धुळाप्पा काहीतरी ओरडून सांगत होता, तिला त्यातलं अक्षर ऐकू येईना. बारा मागांवरचे लोक वळून बघत होते. तिनं पदर खोचला, पहिल्या मागापाशी फरशीवर बसली आणि विणल्या जाणाऱ्या चादरीची खालची बाजू बघायला मान वाकडी करून आत डोकावली.