बैलवाट

महाडच्या सायकल मंडळाने चौऱ्याऐंशी सालच्या माघी सफरीसाठी वाटाड्या म्हणून मुरारीची निवड केली, ही बातमी सावरकोंडात पोचली तेव्हा गावापुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. गावाला आनंद तर झाला होता. परंतु तो ज्याच्यामुळे झाला त्याला एक शब्द विचारण्याची सोय कोणालाच नव्हती. मुरारी वाळीत होता.

त्याचे मूळ एका रस्त्यात होते. पोलादपूरच्या मोटाररस्त्यापासून कुडपणच्या पठाराकडे रोजगार हमीतून जुन्या वाटेनेच खडीचा रस्ता काढायचे ठरले, तेव्हा आखणीला आलेल्या साहेबाने जमलेल्या लोकांना विचारले होते, "वर जाणारी जुनी वाट कोणती?" महाडच्या बंदरातून मीठ लादलेले बैल पूर्वी ज्या वाटेने घाटावर जात, ती बौद्धवाडीच्या झऱ्याला वळसा घालून चढते, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. परंतु गावकीचा म्होरक्या रावजी आदल्याच दिवशी साहेबाला सांगून चुकला होता की ती वाट आपल्या अंगणावरून जाते. बाकीचे खाली पाहत राहिले. मुरारीने हात उचलून झऱ्याकडे बोट दाखवले. साहेबाने ते बोट पाहिले, रावजीचा चेहरा पाहिला, आणि रस्ता रावजीच्या अंगणावरूनच गेला. म्हणजे त्या बोटाने रावजीचे काडीचेही नुकसान झाले नाही. तरीही मुरारीला वाळीत टाकण्यात आले, आणि यात विसंगती काही नाही. ज्याचे नुकसान होते तो भरपाई मागतो, ज्याचे खोटे उघडे पडते तो शिक्षा देतो.

शिक्षा अशी होती: मुरारीशी बोलायचे नाही, त्याला विस्तव द्यायचा नाही, शिमग्याची पालखी त्याच्या दारात थांबायची नाही, आणि जो कोणी त्याच्याशी बोलेल तोही त्या क्षणापासून वाळीत. हे शेवटचे कलम रावजीने स्वतः सुचवले होते.

पुढे मुरारीची बायको चंद्रभागा तापाने गेली. मुरारी दार उघडे टाकून तिच्या उशाशी बसला. गाव आपापली दारे लावून बसले. ऊन कलल्यावर गावकीत न मोडणाऱ्या बौद्धवाडीतून भिकाजी, त्याचा भाऊ जानू आणि त्यांचा एक भाऊबंद न बोलावता आले आणि त्यांनी खांदा दिला. तिरडी रावजीच्या अंगणावरून, त्या खडीवरून गेली. रावजी ओट्यावर सुपारी कातरत होता. त्याने अडकित्ता थांबवला नाही. काळ गेला तसा चंद्रभागेचा चेहरा आठवायला मुरारीला डोळे मिटावे लागू लागले. अडकित्त्याचा आवाज मात्र त्याला कधी शोधावा लागला नाही.

गावात ज्याच्याशी कोणी बोलत नाही त्याला गावाबाहेर पोट भरावे लागते. मुरारीने एक जुनी सायकल घेतली आणि दासगावहून सुकी मासळी आणून तो डोंगरातल्या वाड्यावाड्यांत विकू लागला. मागे टोपली, पुढे पिशवी, आणि सोबत वाघ्या नावाचा कुत्रा. त्यामुळे महाडचे सहदेव सर, जे शाळेत इतिहास शिकवीत आणि सुट्टीत सायकल मंडळाचा कारभार पाहत, जुन्या गडवाटांनी पोरांना पठारावर नेण्याचा बेत घेऊन पोलादपुरात चौकशी करू लागले, तेव्हा ज्याने त्याने एकच नाव सांगितले.

"पठारावर जायला सावरकोंडाचा खडीचा रस्ताच सोयीचा ना?" सरांनी विचारले.

मुरारी टोपलीची दोरी आवळीत होता. त्याने शेवटची गाठ मारली.

"खडी सुटी हाय सर. तिच्यावर रोलर कदी फिरलाच नाय. चढताना चाक जागच्या जागी फिरतंय, नि उतरताना मानूस एकीकडं, सायकल एकीकडं. बैलवाटंला मुरूम हाय, चढ दमानं हाय, नि मदी झऱ्याचं पानी."

"आणि इतिहासाच्या दृष्टीनेही तीच खरी," सर आनंदाने म्हणाले. "ठरलं तर मग!"

मुरारीच्या बोलण्यातला शब्द न् शब्द खरा होता. हलक्या सुडाला खोट्याचा टेकू लागतो. या सुडाला सत्यच पुरेसे होते.

इकडे सावरकोंडात तयारीला जोर आला. मुंबईत नोकरीला असलेल्या गावच्या मंडळींनी पताका धाडल्या. पंचायत समितीचे सभापती स्वागताला येणार, आणि रावजीच्या अंगणातल्या मांडवात बसून रस्ता डांबरी करण्याचा शब्द देणार, असे ठरले. सफर कोणत्या वाटेने येणार हा प्रश्न कोणाच्या मनाला शिवलाच नाही. चाकावरचा माणूस रस्ता सोडून आडवाटेला जाईल कशाला? आणि तो शिवला असता तरी ज्याला विचारायचे त्याला विचारता येत नव्हते.

एक पळवाट होती. वाळीतल्या माणसाकडे फारच नड पडली तर गावकरी त्याच्या कुत्र्याशी बोलत. रावजीच्या म्होरकेपणावर डोळा ठेवून असलेला महिपत एका सकाळी विहिरीवर वाघ्यासमोर उकिडवा बसला.

"काय रं वाघ्या, तुजा धनी त्या पोरांना कवा घेऊन येनार?"

मुरारीने पोहरा वर ओढला. "वाघ्या, त्याला सांग, ऊन चडायच्या आत."

"आनि वाघ्या, येनार कुट..."

"महिपत!" मागून रावजी कडाडला. "लाज हाय का रं? मानसाशी बोलायचं नाय म्हंजे कुत्र्याशी पन नाय. गावकीच्या तोंडात शेन घालतोस?"

महिपत उठला आणि पंचा झटकून निघून गेला. जो एक प्रश्न रावजीला वाचवू शकला असता तो रावजीनेच अर्ध्यात तोडला. मुरारीने भरलेला हंडा खांद्यावर घेतला. घरी पोचेपर्यंत त्याच्या ओठांवर जे काही होते, त्याला चंद्रभागा गेल्यापासून प्रथमच हसू म्हणता आले असते.

सगळ्यांनाच ते हसू मानवले असे नाही. सफरीच्या आदल्या संध्याकाळी वाट झाडायला मुरारी झऱ्यावर गेला तेव्हा भिकाजी तिथे दगडावर बसला होता.

"मुरारी, पोरं येतील तर येऊ दे. आमाला आनंदच हाय. बायकांनी नाचनीच्या भाकरी करायचं ठरवलंय. पन तू त्यांना आमच्यासाटी आनतोस, का रावजीसाटी?"

"वाट तुमचीच व्हती, भिकादा. मी तवाबी हेच बोललो."

"तवा बोललास ते खऱ्यासाटी. आता बोलतोस ते अडकित्त्यासाटी. आमचं पानी त्याच्यात कशाला घालतोस?"

मुरारीने खराटा चालवला. भिकाजीचे म्हणणे त्याला पटले होते, तरी त्याने खराटा थांबवला नाही.

दुसऱ्या दिवशी सावरकोंडात सनई वाजू लागली. सभापती मांडवात बसले, रावजीने नवा फेटा बांधला, सुवासिनी आरत्या घेऊन खडीच्या दोन्ही कडांना उभ्या राहिल्या. खाली खिंडीत घंट्या किणकिणल्या आणि सगळ्यांनी माना उंचावल्या. घंट्या जवळ आल्या, मग डावीकडे सरकल्या, आणि थोड्या वेळाने ओढ्यापलीकडच्या उतारावर, कारवीच्या झुडपांतून, रंगीत सदऱ्यांची एक ओळ संथपणे वर चढताना दिसू लागली. सर्वांत पुढे मासळीच्या टोपलीची सायकल होती.

"रावजी," सभापती म्हणाले, "ही मंडळी तिकडं कुठं चालली?"

"येतील साहेब. वळून येतील."

ती वळली नाहीत. झऱ्यापाशी उतरली, सायकली बांधाला टेकवल्या, आणि बौद्धवाडीतल्या बायकांच्या हातच्या भाकरी घेऊन खडकांवर पसरली. त्यांच्या हसण्याचा आवाज ओढा ओलांडून मांडवापर्यंत स्वच्छ येत होता. सभापतींनी एकदा घड्याळाकडे, एकदा रावजीकडे पाहिले, आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "आपण सत्काराला आलो ना? मग मांडवाचा सत्कार करायचा का?" मांडवात कोणीतरी फिसकन हसले. तो आवाज महिपतचा होता.

रावजी उठला. फेटा सावरीत तो ओढ्यात उतरला, गोट्यांवरून घसरला, गुडघा फोडून घेतला, आणि पलीकडचा चढ धापा टाकीत चढू लागला. अर्धे गाव त्याच्या मागे होते. झऱ्याशी पोचला तेव्हा त्याच्या छातीत श्वास मावत नव्हता. आणि ज्याच्या छातीत श्वास मावत नाही त्याच्या डोक्यात कलमे कुठून राहणार?

"मुरारी! मुरारी, फिरव रं त्यांना! मांडव घातलाय, सायेब बसलेत... मुरारी, ऐकतोस का?"

झऱ्यावर एकदम शांतता झाली. सायकलवाल्या पोरांना त्या शांततेचा अर्थ कळला नाही, गावकऱ्यांना कळला. मुरारी सायकलच्या चाकात अडकलेला मुरूम काडीने काढीत होता. त्याने मान वर केली नाही.

"मुरारी," सहदेव सर गोंधळून म्हणाले, "हे गृहस्थ तुम्हाला हाक मारताहेत."

"मला नसंल सर," मुरारी म्हणाला. "या गावात मला कोन हाक मारत नाय. नेमच हाय तसा. कुनी मारली तर तोबी माज्यासारकाच वाळीत." मग त्याने गावकऱ्यांकडे पाहिले आणि तितक्याच सौम्यपणे विचारले, "तुमी ऐकली का कुनी?"

कोणी बोलले नाही. बोलायचे नव्हतेच. परंतु महिपत रावजीच्या शेजारून दोन पावले मागे सरकला, त्याच्यामागचा आणखी दोन सरकला, आणि पाहता पाहता रावजीभोवती एक रिकामे रिंगण तयार झाले.

गावकी त्याच दिवशी बसली. रावजीला वाळीत टाकावे असे मनातून फार थोड्यांना वाटत होते. महिपत नेमावर बोट ठेवून बसला होता, आणि नेम रावजीचाच होता. अखेर सोमा नावाच्या वृद्धाने तोड काढली. मुरारीवरचा बहिष्कार कालच उठला असे धरावे. म्हणजे आज रावजी बोलला तो वाळीतल्या माणसाशी नव्हेच. त्यासाठी मुरारीने गावकीच्या हातचा विडा घेतला की झाले.

सोमा विडा घेऊन मुरारीच्या अंगणात आला; विडा देण्यापुरते बोलायला गावकीने त्याला मोकळीक दिली होती. सवयीने त्याने आधी वाघ्याकडे तोंड वळवले, मग स्वतःच ओशाळून मुरारीकडे पाहिले.

"मुरारी, लेकरा, घे. उद्यापास्न विस्तव दिऊ, पालखी दारात नाचवू. माजी म्हातारी म्हनत व्हती, त्याला एकदा जेवाया बोलवा."

गावातल्या माणसाच्या तोंडून आपले नाव इतक्या मायेने उच्चारले गेल्याला किती काळ लोटला होता! हात पुढे करावा, पान तोंडात टाकावे आणि पुन्हा माणसांत जावे, ही ओढ त्याला खरोखर वाटली; ती नाकारण्यात काही अर्थ नाही. परंतु त्या विड्यातली कातरलेली सुपारी त्याला दिसली.

"सोमातात्या," तो म्हणाला, "मला वाळीतच राहू द्या."

"अरं, तुजं काय जातंय? रावजीला सोडव!"

"म्हनूनच."

सोमा विडा तसाच घेऊन परत गेला.

त्यानंतर गावाने रावजीपासून तोंड फिरवले. सुरुवातीला नाइलाजाने, पुढे सवयीने, आणि महिपत म्होरक्या झाल्यावर थोड्याशा आवडीनेही. एका सकाळी मुरारी टोपली बांधून निघाला तो रावजी कुंपणापाशी उभा. वाळीतल्याने वाळीतल्याशी बोलायला गावकीची ना नव्हती. साऱ्या सावरकोंडात आता रावजीला बोलता येईल असा तो एकच माणूस उरला होता.

"मुरारी," रावजी म्हणाला. त्याचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. "बाईल तापानं फनफनलीय. दवाखान्यात न्यायला मानूस नाय. जरा पोलादपुरास्न डाक्टरला सांगून धाडशील?"

मुरारीने सायकलवर टांग टाकली.

"मुरारी, तिचा काय दोस रं? मुरारी!"

तो डॉक्टरकडे जाणार होता. हे त्याने कुंपणापाशीच ठरवले होते. चंद्रभागेसारखी दुसरी बाई जावी इतका तो अजून रावजी झाला नव्हता. पण ते रावजीला सांगायचे नाही, हेही त्याने तिथेच ठरवले. डॉक्टर दारात येईपर्यंत त्याने ओट्यावर बसून राहावे, प्रत्येक चाहुलीला मान उचलावी, आणि कोणी येणार की नाही हे त्याला कळू नये.

मागून हाका येत राहिल्या. खडीवर उतार लागला तसा मुरारीने ब्रेक आवळला आणि चाक शक्य तितके हळू सोडले, कारण वळण ओलांडल्यावर त्या हाका ऐकू येणार नव्हत्या.