रंगाऱ्याची कढई आणि गोदाबाईचं हिरवं लुगडं

मित्रांनो, माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मी तांब्याची जुनी कढई. अकोल्याच्या तांबटानं मला ठोकून ठोकून आकार दिला आणि अमरावतीच्या एका रंगाऱ्यानं बैलगाडीत घालून मला परकोटाच्या आत, आपल्या अंगणात आणलं. त्याच्यामागे त्याचा मुलगा नत्थुजी माझा धनी झाला. पळसाची फुलं, हळद, डाळिंबाची सालं, आलीच्या झुडपाची लाल मुळं, सगळं माझ्या पोटात उकळलं. निळीचं काम तेवढं शेजारी जमिनीत पुरलेल्या रांजणाकडे होतं.

माझ्या काठाशी उभी राहून माणसं रंगांबद्दल जे बोलत, ते ऐकून मला हसू येई. आलीचा लाल घ्या. सकाळी त्यात नवरीचं वस्त्र बुडालं की बायका गाणी म्हणत. दुपारी त्याच उरलेल्या रंगात एखाद्या भटजीच्या घरातल्या, केस काढलेल्या विधवा पोरीचं आलवण बुडे, आणि न्यायला आलेला माणूस ते अंगापासून लांब धरून चाले. रंग तोच, पाणी तेच, ढवळायची काठीही तीच! काळं अशुभ म्हणून वर्षभर नाक मुरडणाऱ्या बायका संक्रांत आली की काळ्या चंद्रकळेसाठी नत्थुजीच्या दारात भांडत. आणि हे म्हणे शहाणे प्राणी.

एक मात्र कबूल करते. रंगाचा असर खोटा नव्हता. पिवळंधमक ओलं वस्त्र माझ्यातून वर निघालं की रडकं पोरही गप्प होऊन पाहत राही. दुखण्यातून उठलेली बाई कुसुंबी पदर गालाशी धरी आणि तिचा चेहरा उजळे. डोळ्यांना ते आपोआप कळत होतं. सगळा घोटाळा केला तो तोंडांनी.

मग सातासमुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडचा कापूस हवासा झाला. परकोटाच्या दरवाजात गाड्यांची रीघ लागली. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या आणि मालकांच्या डोक्यात त्याहून काय काय चढलं. ज्यांच्या धोतराचा मूळ रंग मलाही ओळखता आला नसता, ते आता पागोट्याचा गुलाबी जरा कमी उतरला म्हणून खेकसू लागले. नत्थुजी लाचार हसे आणि माझी पाठ थोपटी. "अशी कढई साऱ्या उमरावतीत नाही," म्हणे. तेव्हा मीही फुगले होते. माणसांच्या संगतीचा परिणाम.

सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक होतं खुशालराव पाटील, जवळच्याच गावचा. त्याचा धाकटा भाऊ पटकीनं गेला. मागे राहिली त्याची बायको गोदाबाई, ऐन विशीतली. त्यांच्या जातीत विधवेचा पाट लावून, हिरवं लुगडं नेसवून दुसरं लग्न करून द्यायची रीत पूर्वीपासून होती. गोवर्धन नावाच्या एका मेहनती शेतकऱ्यानं तिला मागणीही घातली. पण खुशालराव आता शहरातल्या बापूसाहेब वकिलांच्या ओसरीवर बसू लागला होता. ते एकदा म्हणाले, "खुशालराव, पाटबिट लहान लोकांत चालतं. थोरांच्या घरी विधवेला हिरवं शोभत नाही."

झालं! घरी कापसाचा पैसा आला आणि गोदाबाईच्या अंगावरचा रंग गेला. बापूसाहेबांच्या घरातली विधवा लाल आलवणात, खुशालरावाच्या घरातली पांढऱ्या लुगड्यात. थोरपणाचा नेमका रंग कोणता, हे त्या दोघांनाही सांगता आलं नसतं.

एका सकाळी गोदाबाई आमच्या अंगणात आली. सोबत तिची सासू, म्हणजे खुशालरावाची आई, मैनाबाई. गोदाबाईनं काखेतलं पांढरं लुगडं पुढे केलं.

"हे हिरवं करून द्या. मले गोवर्धनच्या घरी जायचं हाये."

नत्थुजीचं तोंड उतरलं. "पाटलाले समजलं तं माहं सारं गिऱ्हाईक जाईन. मी नाही हात लावत, माय." असं म्हणून तो पागोट्यांचं गाठोडं उचलून बाजाराकडे पळाला. शूर पुरुष!

त्याची बायको तानुबाई चुलीशी होती. तिनं मैनाबाईकडे पाहिलं. "सासूले चालते काय हे?"

"सासूच घेऊन आली तिले," मैनाबाई म्हणाली.

तानुबाईनं पदर खोचला. लुगडं निळीच्या रांजणात बुडवून काढलं, वाऱ्यावर धरलं, मग हळद आणि डाळिंबाच्या सालींच्या कोमट पाण्यात, माझ्यात, सोडलं. काठीनं वर उचललं तेव्हा ते कोवळ्या ज्वारीच्या पात्यासारखं हिरवं झालं होतं. गोदाबाईनं त्याला आधी बोटाचं टोक लावलं, मग दोन्ही तळवे. तिला हसू फुटलं, आणि चोरी पकडली जावी तसं तिनं ते झटकन हातानं झाकलं. हसायचीसुद्धा चोरी! त्या क्षणी मला समस्त थोरांची शिसारी आली.

तेवढ्यात काठी आपटत खुशालराव आला. चुगली करणारे सगळीकडे असतात.

"कोन रंगवून राह्यलं हे?"

"मी रंगवून राह्यली. काहून?" तानुबाई म्हणाली.

"माह्या घरची अब्रू हाये ते!"

"अब्रू पांढरी रायते का हिरवी, पाटील?"

उत्तर सुचलं नाही की माणूस भांडी फोडतो. त्यानं काठी माझ्या काठावर हाणली. माझा सांधा फुटला, मी कलंडले आणि माझ्या पोटातलं सगळं पिवळं पाणी त्याच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर गेलं. त्यानं पुन्हा काठी उगारली, तशी मैनाबाई मध्ये उभी राहिली.

"मार, आनखी मार! तुह्या बापाच्या घरी मी बी पाटाचीच आली होती. असंच हिरवं नेसून आली होती. हे हिरवं वाईट असन, तं तू कोन, सांग बरं?"

आळीतली माणसं गोळा झाली होती. खुशालरावाची काठी खाली आली. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "नवरदेवाले हळद लागली!" आणि सगळे खदखदून हसले. हेच लोक कालपर्यंत त्याला वाकून रामराम घालत होते आणि विधवेची सावली टाळत होते. खुशालराव पिवळ्या धोतरानं मान खाली घालून निघून गेला. गोदाबाईनं ते ओलंच लुगडं अंगाभोवती गुंडाळलं आणि ती गोवर्धनच्या गावच्या वाटेला लागली. मैनाबाई तिच्यामागे गेली, ती पुन्हा लेकाचा उंबरा चढली नाही.

संध्याकाळी नत्थुजी आला आणि माझ्यापाशी बसून रडला. माझ्यासाठी नव्हे, गेलेल्या गिऱ्हाइकासाठी. तांबटाकडे नेलं असतं तर माझी भेग डाग देऊन सांधता आली असती. पण रागानं त्यानं मला कोपऱ्यात लोटलं. पुढे ती दूरची लढाई थांबली, कापसाचा भाव पडला, पागोटी विटली, आणि ज्या गिऱ्हाइकीसाठी तो पळाला होता ती सगळ्यांचीच गेली. आता मी एका गोठ्यात तिरपी पडून आहे. खालच्या बाजूला चार मुठी सरकी भिजते, म्हशी तोंड घालतात. त्या मला माणसांपेक्षा बऱ्या वाटतात.

गोठ्यात येण्याआधी, कोपऱ्यात पडल्या पडल्या, मी गोदाबाईला पुष्कळदा पाहिलं. बाजाराला आली की ती तानुबाईशी दोन शब्द बोलून जाई. अंगावर कधी जांभळं असे, कधी लाल, कधी धुऊन धुऊन विटलेलं काहीतरी. तिच्या लुगड्याकडे कोणी वळूनही बघत नसे. मला तेच सगळ्यांत आवडलं.

तर मित्रांनो, भांडं चेपलं, फुटलं, तर वेळेवर दुरुस्त करा. रागाच्या भरात कोपऱ्यात लोटू नका. आणि कोणी बाई रंग मागायला दारी आली तर ती कोणाची कोण, तिचा नवरा आहे की गेला, हे विचारण्याचा आगाऊपणा करू नका. विचारण्यासारखं एकच आहे: फिका पाहिजे का गर्द?