ओबेडच्या नावाची वीट

हेझलडीनच्या टेकडीवर दोन भट्ट्या पाठीला पाठ लावून उभ्या आहेत, एक विटांची आणि एक चुन्याची. आता दोन्हींत ब्लॅकबेरीची जाळी माजली आहे. रविवारी शहरातले हौशी लोक वह्या-फुटपट्ट्या घेऊन येतात, कमानींची मापं घेतात, फोटो काढतात, आणि मग खाली चॅपलपाशी, म्हणजे गावच्या छोट्या प्रार्थनाघरापाशी, आले की हमखास विचारतात, "एवढ्या विटांवर एवढी नावं, मग मधलीच एक कोरी कशी राहिली?" कोरी नाही हो ती, फुटकी आहे. आणि कोणी फोडली तेही सगळ्या गावाला ठाऊक आहे.

गोष्ट राणीच्या काळातली. वीटभट्टी ओबेड फ्रॉस्डिकची, चुन्याची भट्टी जेथ्रो लार्टरची. दोघे एका वयाचे, एकाच शाळेत छड्या खाल्लेले. सकाळी दहा वाजले की जेथ्रो चहाची किटली घेऊन अलीकडे यायचा. ओबेडची पाव-चीजची पुडी सुटायची आणि एकाच पेल्यातून आळीपाळीनं चहा व्हायचा. हे वीस वर्षं चाललं होतं.

त्या उन्हाळ्यात गावानं चॅपल बांधायला घेतलं. रीत अशी ठरली, की दर्शनी भिंतीत प्रत्येक घराच्या नावाची एक वीट असावी. ओबेडनं ओल्या विटांवर खिळ्यानं नावं कोरली, एकूण एकतीस. उद्‌घाटनाची तारीख चॅपलच्या पंचांनी आधीच जाहीर करून ठेवलेली, त्यामुळे सगळी घाई. आणि त्या घाईत ओबेडनं जे केलं, ते कुठल्याही वीटभट्टीवाल्यानं करू नये असं होतं.

त्याच्या मातीची खाण जेथ्रोच्या चुनखडीच्या खाणीला लागून. मातीत चुनखडीचे खडे यायचेच. असा खडा विटेत राहिला की भट्टीत भाजून त्याचा कळीचा चुना होतो. वीट दिसायला खणखणीत. पण पुढे ओल लागली की आतला खडा फुगतो आणि विटेचं तोंड फोडून बाहेर येतो. म्हणून आधी माती वेचायची, आणि भट्टी उघडली की गरम विटा हौदात बुचकळून काढायच्या, म्हणजे खडा आतल्या आत विरतो. भट्टीवरची पोरंसुद्धा जाणतात हे. पण त्या साली भट्टीजवळचं डबकं आटलं होतं, पाणी खालच्या विहिरीवरून खांद्यावर आणावं लागे. ओबेडनं माती धड वेचली नाही आणि विटाही भिजवल्या नाहीत. एक मात्र भिजवली. 'ओ. व के. फ्रॉस्डिक' लिहिलेली. पिण्याच्या पाण्याची बादली होती, तीत बुडवली. त्या वेळी त्याला त्यात काही वाईट वाटलं नाही हो! आपल्या हातानं आपलं नाव कोरलंय, जरा जपावं, एवढंच मनात आलं.

नोव्हेंबरात धुकं उतरलं आणि जेथ्रोच्या विटेचं तोंड पडलं. नावासकट. सकाळी पायरीवर तुकडे सापडले.

देवाचं नाव घ्यायचं आणि शेजाऱ्याची मापं काढायची, यात हेझलडीनचा हात कोणी धरणार नाही. किराणा दुकानवाले मिस्टर पल्फर चॅपलच्या मंडळीतले थोरले पंच. त्यांनी तुकडे हातात घेतले, डोळे मिटले आणि म्हणाले, "भिंतीनं नाव टाकलं. उगाच नाही टाकलं." झालं! मग कोणाला आठवलं की जेथ्रोचं चुन्याचं माप हलकं लागतं. कोणाला आठवलं की तो भजनाच्या वेळी पेंगतो. नाताळापर्यंत आणखी चार नावं फुटली आणि त्या चौघांचीही पापं गावानं शोधून काढली. पण पहिलं नाव ते पहिलं. गावानं जेथ्रोकडून चुना घेणं थांबवलं. जेथ्रो चॅपलला यायचा थांबला, टेकडीवरून खाली आलाच तर टोपी डोळ्यांवर ओढून, भिंतीकडे न बघता जायचा. दहा वाजताची किटलीही बंद झाली.

ओबेडला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पडलेल्या तोंडामागे हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका होता. त्यानं तो बघितला, आणि अंगठ्यानं त्यावर चिखल चोपडला. पुढे फुटलेल्या चार विटांचंही त्यानं तेच केलं.

"बोल की त्यांना," केझिया म्हणाली. ही त्याची बायको, बोलायला फटकळ. "काय होईल? हसतील. चार दिवस विटा घेणार नाहीत."

"चॅपलची भिंत आहे, केझी. देवाच्या घराला मी कच्च्या विटा दिल्या, असं सांगू?"

"मग जेथ्रोनं काय दिलंय देवाच्या घराला? तुझी चूक त्याच्या माथी का?"

ओबेडनं बूट चढवले आणि भट्टीवर निघून गेला. असल्या वेळी त्याला भट्टीवर फार कामं सुचायची.

फेब्रुवारीत मिस्टर पल्फर स्वतः त्याच्या घरी आले. ओबेडच्या नावाची वीट शेंदरी, गुळगुळीत, टवकासुद्धा उडालेला नाही.

"ओबेड," ते म्हणाले, "तुमच्या घरावर देवाची मोहोर आहे, हे उभ्या गावानं डोळ्यांनी बघितलंय. रविवारी प्रार्थनेनंतर बैठक आहे. जेथ्रो लार्टरचं नाव मंडळीच्या यादीतून कमी करायचं आणि पंचांत तुम्हाला घ्यायचं. तुम्ही दोन शब्द बोला."

ओबेडला वाटलं, आत्ताच सांगावं. तोंड उघडलंसुद्धा. "मी साधा माणूस आहे, मिस्टर पल्फर," एवढंच बाहेर आलं.

"हीच तर नम्रता!" म्हणत मिस्टर पल्फर खुशीत निघून गेले. केझियानं त्यांचा कप उचलला आणि नवऱ्याकडे बघितलंही नाही. ओबेडचे कान तापले. शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

शनिवारी उजाडताच तो हातोडी घेऊन चॅपलपाशी गेला. बेत असा, की आपलीही वीट फोडायची. म्हणजे मोहोरही नाही आणि पंचपदही नाही, आणि तोंडानं काही बोलायला नको. हा असला शूर गडी! एक घाव घातला, दुसरा घातला. तिसऱ्या घावाला विटेचं तोंड सुटून पायाशी पडलं.

"ओबेड?"

मागे रस्त्यावर गाडी थांबली होती. जेथ्रो चुन्याची पोती घेऊन पलीकडच्या गावी निघाला होता, कारण इथं कोणी घेत नव्हतं. तो खाली उतरला. हातोडी बघितली, जमिनीवरचा तुकडा बघितला आणि त्याचे डोळे भरून आले.

"माझ्यासाठी केलंस?" तो म्हणाला. "माझं नाव पडलं तर तुझंही नको म्हणून? अरे, किती वेडा आहेस तू! घरी थर्झा रोज म्हणते, ओबेडसुद्धा फिरला. मी म्हणायचो, नाही फिरणार." त्यानं ओबेडचा खांदा दाबला. "तू पाठीशी असलास, तर उद्या काढू देत माझं नाव. बघून घेईन मी."

ओबेडला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण गडप व्हावं. ते आभार घ्यायची त्याच्यात ताकद नव्हती. इतके महिने गप्प राहणं जमलं होतं, पण हे जमेना.

"जेथ्रो, तुझी वीट बघ," तो कसाबसा म्हणाला.

"नको रे."

"बघ. जवळ जाऊन बघ. तू बघितलीच नाहीस अजून."

खरंच होतं ते. लाजेपोटी त्या माणसानं भिंतीपुढे कधी मान वर केली नव्हती. आता ओबेडनं बोटानं सुकलेला चिखल खरवडला, तेव्हा जेथ्रो वाकला. पांढरा ठिपका दिसला. त्यानं नखानं जरासा उकरला, जिभेला लावला. आयुष्यभर चुना भाजलेला माणूस, त्याला दुसऱ्यांदा चाखायची गरज पडली नाही.

"भिजवल्या नव्हत्यास?"

"नाही."

"कधी कळलं तुला?"

"पहिल्या दिवशी."

जेथ्रो सरकून ओबेडच्या विटेपाशी आला. फुटलेल्या जागेवर त्यानं तळवा फिरवला. तिथं ठिपका नव्हता, हातोडीचे घाव होते.

"आणि ही कशी टिकली होती?"

ओबेडची मान खाली गेली. "एवढी एक भिजवली होती."

जेथ्रोनं शिवी दिली नाही, हात उगारला नाही. जमिनीवरचा 'फ्रॉस्डिक' लिहिलेला तुकडा उचलून ओबेडच्या हातात ठेवला. "उद्या हा घेऊन उभा राहा," म्हणाला आणि गाडीवर चढला.

रविवारी ओबेड उभा राहिला. तुकडा हातात धरून त्यानं सगळं सांगितलं, बादलीसकट. मिस्टर पल्फर बुटांकडे बघत राहिले. ज्यांनी ज्यांनी पापं शोधली होती, ते सगळे आपापलं भजनाचं पुस्तक चाळू लागले. दारापाशी जेथ्रो आणि त्याची बायको थर्झा उभे होते. ते आत आले आणि आपल्या जुन्या बाकावर जाऊन बसले. जेथ्रोची माफी मागायला कोणी उठलं नाही, हेही सांगून ठेवतो.

एप्रिलमध्ये ओबेडनं फुटलेल्या सगळ्या नावांच्या विटा नव्यानं पाडल्या. आपली मात्र पाडली नाही. "ती तशीच राहू दे," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं, निदान जेथ्रो तरी म्हणेल, जाऊ दे आता, घाल तुझीही. जेथ्रो म्हणाला, "राहू दे म्हणतोय, तर राहू दे."

भट्टी उघडली त्या दिवशी जेथ्रो पलीकडून आला, न बोलावता. पाण्यानं भरलेल्या हौदाशी ओंडका ओढून बसला आणि एकेक गरम वीट आत जाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघत राहिला. दहा वाजता ओबेडनं पाव-चीजची पुडी सोडली आणि पेला पुढे केला. जेथ्रोनं खिशातून स्वतःचा पेला काढला.