तीन नंबरची गळती

प्लगमास्तर हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलं नव्हतं. विमानतळाच्या शेडमध्ये उमेदीची पंधरा वर्षं त्यांनी जुन्या पंख्यांच्या विमानांचे स्पार्क प्लग बदलले, म्हणून सोबतच्या मेकॅनिकांनी ते चेष्टेनं ठेवलं होतं. एका पिस्टन इंजिनाला अठरा सिलिंडर, दर सिलिंडरला दोन प्लग आणि विमानाला इंजिनं चार. म्हणजे एका विमानामागे एकशे चव्वेचाळीस प्लग. एवढं करून माणसाला निदान एखादी पदवी तरी मिळावी, असं मास्तरांना वाटायचं. ती कोणी देईना, तेव्हा त्यांनी चेष्टेचं नावच पदवीसारखं लावून घेतलं.

आता त्यांची पंचाहत्तरी उलटली होती. धावपट्टीच्या कडेला एका मोठ्या हॉलमध्ये विमानांचं संग्रहालय होतं आणि त्यात त्यांच्या वेळचं एक चार इंजिनांचं विमान उभं होतं. दर रविवारी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून तिथे जायचे आणि आलेल्या लोकांना फुकटात विमान दाखवायचे. फुकट दाखवत असल्यामुळे त्यांना आवरायची सोय कोणाकडेच नव्हती.

"जेट इंजिन म्हणजे काय हो? केस वाळवायचं यंत्र," ते म्हणायचे. "बटण दाबलं की सुरू. आमच्या वेळी इंजिन सुरू व्हायचं नाही, जागं व्हायचं. आधी खोकायचं. मग एक सिलिंडर पेटायचा, मग दुसरा. पांढऱ्या धुराचा लोट अख्ख्या शेडभर! आणि अठराच्या अठरा एका सुरात लागले, की ते इथे घुमायचं." 'इथे' म्हणताना ते छातीवर हात मारायचे आणि तो हात नेमका खिशातल्या चष्म्यावर बसायचा.

विमानाच्या पंखाखाली बाकावर त्यांची बायको विणकाम घेऊन बसलेली असायची. संग्रहालयातले सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचे. तिने जन्मात कोणाला काही शिकवलं नव्हतं. ती पंधरा वर्षं तेलाने माखलेले कपडे तेवढे धूत आली होती. धुराच्या लोटाची गोष्ट आली, की ती टाके मोजता मोजता पुटपुटायची, "धुराने नव्हे, यांच्या शिव्यांनी भरायची शेड."

ते खरंच होतं, आणि ते खरं आहे हे मास्तरांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यातही तीन नंबरचं इंजिन, म्हणजे उजव्या पंखावरचं आतल्या बाजूचं, त्यांच्या सर्वांत जास्त शिव्या खाल्लेलं. ते सदा गळायचं. आज जोड घट्ट करावा, तर उद्या दुसरीकडून गळायचं. त्याने मास्तरांच्या नाकी नऊ आणले होते. मुलगी जन्मली तेव्हा मास्तर दवाखान्यात नव्हते. तीन नंबरच्या पोटाखाली कोपरापर्यंत तेलात होते. पहिलं जेट विमान आलं, त्या दिवशी त्यांनी आनंदाच्या भरात सगळ्या शेडला चहा पाजला. आणि महिन्याभरातच, स्वच्छ हातांनी घरी जाताना त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. माणसाने किती मूर्ख असावं याचं कुठे मोजमाप ठेवलं असेल, तर ते आपल्यावरूनच घेतलं असणार, असं त्यांचं स्वतःबद्दलचं स्पष्ट मत होतं.

विमान हॉलमध्ये आणलं, तेव्हा नियमाप्रमाणे चारही इंजिनांमधलं तेल काढून टाकलं होतं. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी एक बाई तीन नंबरकडे बघून नवऱ्याला म्हणाली, "हे प्लास्टिकचं असणार. बघा ना, किती स्वच्छ आहे!" झालं. ते मास्तरांच्या जिव्हारी लागलं. पुढच्या रविवारी ते हॉल उघडायच्या आधीच येऊन पोचले, पायऱ्यांची घोडी लावून वर चढले आणि तीन नंबरच्या झाकणाच्या खालच्या कडेवर त्यांनी दोन चमचे काळं, जाड, वापरलेलं तेल सोडलं. खाली एक ट्रे ठेवला. दिवसभर थेंब थेंब पडत राहिला.

"बघा," ते लोकांना सांगू लागले, "वीस वर्षं बंद आहे, टाकी रिकामी आहे, तरी गळतंय. अंगात मुरलेलं तेल आहे हो ते!"

लोक ट्रेमध्ये बोट बुडवायचे, वास घ्यायचे, फोटो काढायचे. संग्रहालयाचा कारभार बघणाऱ्या तरुण मॅडमनी तर तिथे पाटीच लावली: 'हे इंजिन अजून गळते.' दर रविवारी सकाळी दोन चमचे, असं सहा वर्षं बिनबोभाट चाललं. मास्तरांनी बायकोलाही पत्ता लागू दिला नाही. सांगणार तरी काय? ज्या गळतीला जन्मभर शिव्या घातल्या, ती आता बाटलीत भरून नेतो म्हणून?

मग गेल्या हिवाळ्यात मास्तर पडले. पावसाने निसरड्या झालेल्या पंखावर उभं राहून ज्याने प्लग बदलले, तो माणूस स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून पडला, आणि तेही भिंतीवरचा विमानाचा फोटो सरळ करताना. पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेला. पायापेक्षा त्यांना घोर लागला तो ट्रेचा. ट्रे कोरडा दिसला की मॅडम पाटी काढणार, आणि तीन नंबर पुन्हा प्लास्टिकचं होणार. 'जरा जाऊन तेल ओतून ये' असं कोणाला सांगायचीही चोरी. शेवटी पहिल्याच रविवारी त्यांनी बायकोची विनवणी केली.

"अगं, जरा संग्रहालयात जाऊन ये ना. तीन नंबरचा ट्रे बघून ये."

"पाय मोडलाय तुमचा. ट्रे काय बघायचा त्यात?"

"नुसता बघून ये."

ती गेली आणि दोन तासांनी परत आली. चपला काढता काढता म्हणाली, "गळतंय की. नेहमीसारखं."

ही थाप आहे, हे मास्तरांनी लगेच ओळखलं, कारण मुळातली थाप त्यांचीच होती. आपलं मन राखायला ही खोटं बोलते आहे, म्हणून त्यांना गहिवरून आलं आणि लाजही वाटली. त्यांनी कूस बदलायचा प्रयत्न केला, पण प्लास्टरमुळे तेही जमेना.

प्लास्टर निघालं, त्या आठवड्यात काठी टेकत ते पहिल्यांदा हॉलमध्ये गेले. पिशवीत तेलाची बाटली होतीच. बायकोला बाकावर बसवून ते तीन नंबरखाली आले, आणि जागच्या जागी थबकले. ट्रेमध्ये तेल होतं. ताजं, चकचकीत. त्यांनी बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं. पातळ होतं, रंगही फिका.

तेल इतकं पातळ कसं, हा प्रश्न त्यांना पडला नाही असं नाही. पण मास्तरांकडे उत्तर तयार होतं: आतल्या बारीक वाटांमधून वीस वर्षं झिरपत आलेलं तेल गाळून निघणारच. हे त्यांनी स्वतःला इतक्या खात्रीने सांगितलं, की ऐकणाऱ्याला, म्हणजे त्यांना स्वतःलाच, ते एकदम पटलं. तीन नंबर खरंच गळत होतं! बाटली पिशवीतच राहिली. ते बाकावर बायकोशेजारी येऊन बसले आणि चष्मा पुसण्याचं निमित्त करून बराच वेळ डोळे पुसत राहिले. तिने विचारलं, "पाय दुखतोय का?" ते म्हणाले, "हो."

त्या दिवसापासून त्यांनी ओतणं बंद केलं. पाच महिने दर रविवारी ट्रेमध्ये तेल असायचं. थेंब पडताना मात्र त्यांना एकदाही दिसला नाही. झाकणाची खालची कडा तर कोरडी ठणठणीत होती; शेडमधल्या नव्या उमेदवारानेही आधी तिथेच बोट फिरवलं असतं. मास्तरांनी फिरवलं नाही. ते घरी येऊन आनंदाने शीळ घालायचे आणि बायकोच्या शिलाई मशीनच्या आवाजाने त्यांची शीळ मोडायची.

"किती करकरतंय ते! तेल घाल ना."

"संपलंय."

"मागच्या महिन्यातच आणलं होतं ना नवीन?"

"संपलं म्हटलं ना."

बहात्तर सिलिंडरांमधला एक चुकला तरी ज्यांच्या कानाला कळायचा, त्या मास्तरांना यातलं काहीच कळलं नाही.

उन्हाळा सरता सरता आग-सुरक्षेचे तपासनीस साहेब हॉल बघायला आले. त्यांनी ट्रे बघितला, पाटी वाचली, थोडं तेल एका छोट्या बाटलीत भरून घेतलं आणि मॅडमना सांगितलं, "लोकांच्या वावराच्या जागेत तेल गळणारं इंजिन ठेवता येणार नाही. गळती कुठून होते ते दाखवून बंद करा, नाहीतर शुक्रवारपर्यंत ते उतरवून भंगारात काढा." इंजिन उघडून तपासणारा कारागीर आता कुठे मिळणार? मॅडमनी रडवेल्या आवाजात मास्तरांना फोन केला.

गुरुवारची रात्र मास्तरांनी तळमळत काढली. वाट एकच होती. 'ते गळत नाही, मी ओततो,' असं साहेबांना सांगायचं. सहा वर्षांचं खरं आणि पाच महिन्यांचं खोटं. तसं सांगितलं तर इंजिन वाचेल, पण आपली लबाडी चव्हाट्यावर येईल, रविवार बंद होतील, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, तीन नंबर आता खरोखर गळतंय ही गोष्ट पुन्हा कोणाला सांगता येणार नाही.

शुक्रवारी मॅडमच्या छोट्या खोलीत चौघं बसले: मॅडम, तपासनीस साहेब, मास्तर, आणि पायाच्या काळजीने सोबत आलेली त्यांची बायको. टेबलावर तेलाचा नमुना होता.

"साहेब, ते इंजिन गळत नाही," मास्तर म्हणाले. "मी ओततो. सहा वर्षं झाली."

"मास्तर!" मॅडमच्या तोंडून निघालं. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मास्तरांना त्यांच्याकडे बघवेना. बायकोच्या सुया थांबल्या. तिच्याकडे तर त्यांनी मान वळवायचीही हिंमत केली नाही. त्यांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे बघा. हे तेल."

साहेबांनी दोन्ही बाटल्या खिडकीच्या उजेडात धरल्या. एक काळी कुळकुळीत, दुसरी पाण्यासारखी फिकी.

"हे ते नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "आजोबा, तुमचा जीव आहे त्या इंजिनावर, कळतं मला. पण ते वाचवायला तुम्ही खोटं बोलताय. इंजिन उद्याच उतरवावं लागेल."

मास्तरांनी आपली काळी बाटली पुन्हा उचलून बघितली. सहा वर्षं धडधडीत थापा मारल्या, त्या सगळ्या जगाने मानल्या. आज कबुली द्यायला बसलो, तर आपल्याकडे तेलसुद्धा बरोबर नाही!

तेवढ्यात बायकोने विणकाम मांडीवर ठेवलं, पर्स उघडली आणि लांब नळीची एक छोटी कुपी बाहेर काढून टेबलावर ठेवली. शिलाई मशीनच्या तेलाची.

"याच्याशी जुळवून बघा," ती म्हणाली.

साहेबांनी कागदावर दोन थेंब शेजारी शेजारी टाकले. दोन्ही सारखेच पसरले.

"बाई, तुम्ही?"

"यांचा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा दर रविवारी ट्रे बघायला म्हणून येऊन ओतायचे. आता हे लोकांना घेऊन वर विमानात गेले, की खाली मी एकटीच असते. गुडघ्यांमुळे घोडीवर चढवत नाही, म्हणून सरळ ट्रेमध्येच ओतते."

"तरीच थेंब पडताना दिसत नव्हता!" मास्तर मोठ्याने म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना बोलल्यावर कळलं.

"म्हणजे मास्तर," मॅडमनी हळूच विचारलं, "तुम्हाला ते खरंच गळतंय असं वाटत होतं?"

मास्तरांचे कान लाल झाले. साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे थोडा वेळ हलत होते. मग त्यांनी कागदावर लिहिलं, 'गळती नाही. ट्रे काढून टाकावा,' आणि सही केली. मॅडमनी पाटी उतरवली. ट्रे पुसून त्यांनी मास्तरांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "रविवारी या. पण हात हलवत या."

घरी परतताना अर्धा रस्ता बायको दोन पावलं पुढेच चालत होती. मग एकदम म्हणाली, "सहा वर्षं! मला वेडी बनवलंत."

"तुला नव्हे गं, लोकांना."

"मी लोकांमध्ये नाही येत? त्या पहिल्या रविवारी ट्रे ठणठणीत कोरडा. तासभर बसून राहिले मी बाकावर. घरी येऊन काय सांगू? त्या तीन नंबरला सवत म्हणून मी जन्मभर बोटं मोडली. पण तुम्ही असे पडून. म्हटलं, तीही आटली, तर हा माणूस काही उठायचा नाही."

मास्तर चालता चालता थांबले. तीन नंबर मेलेलंच होतं, वीस वर्षांपूर्वीच. पाच महिने ते जिवंत आहे या आनंदात ते शीळ घालत हिंडले होते, आणि आता त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. पण बायको आधाराला हात पुढे करून उभी होती, आणि त्या हातालाही मशीनच्या तेलाचा वास येत होता. मुलगी जन्मली त्या दिवशी आपण तिच्यापाशी नव्हतो, ही गोष्ट इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही तिच्यापाशी काढली नव्हती.

"मी त्या दिवशी दवाखान्यात यायला हवं होतं," ते म्हणाले.

कुठला दिवस, हे तिने विचारलं नाही. "तेव्हा खरोखर गळत होतं ना," ती म्हणाली.

वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून मास्तरांनी तेलाची नवी कुपी घेतली. घरी येताच बाह्या सरसावून ते शिलाई मशीनखाली शिरले, आणि त्यांनी दिसेल त्या भोकात, दिसेल त्या सांध्यात तेल सोडलं. मग पायपट्टी हाताने दाबून बघितली. करकर गेली होती. मशीन एका सुरात घुमू लागलं.

"अहो, पुरे! खाली गळायला लागलं," बायको म्हणाली.

मास्तरांनी संग्रहालयातून आणलेला ट्रे मशीनखाली सरकवला आणि थेंब पडेपर्यंत वाट बघितली. या वेळी त्यांना तो पडताना दिसला.

"गळू दे," ते म्हणाले. "हे खरं गळतंय."

तिने पिशवीतून एक जुनं फडकं काढून त्यांच्या अंगावर टाकलं.

"मग पुसा," ती म्हणाली.