सव्वापाचचा फोन

ऑपरेटरबाईंच्या तोंडाची टकळी थांबत नाही, असं सगळ्या इमारतीचं म्हणणं होतं आणि ते काही खोटं नव्हतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं बसलेली बाई. तिथे दिवसभर बोलायचं ते सगळं दुसऱ्यांसाठी. थांबा, जोडते, डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, पेशंटचं नाव सांगा. स्वतःचं बोलायचं राहूनच गेलं. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर तो साठा बाहेर पडायला लागला. नवरा आधीच गेलेला. मग ऐकायला उरलं कोण? एकुलती एक लेक, चिमी.

चिमी म्हणजे काही चिमुरडी नव्हे. चाळिशी गाठलेली, दोन मुलांची आई, एका लॅबची व्हॅन चालवणारी. दुपारी चारला निघायचं, सात दवाखाने फिरायचे, प्रत्येक ठिकाणाहून रक्ताच्या नळ्यांचा डबा घ्यायचा, मागच्या थंड पेटीत ठेवायचा आणि साडेसहाच्या आत सगळं लॅबमध्ये पोचवायचं. त्यानंतर घरी मुलांचा अभ्यास, स्वयंपाक आणि नवऱ्याचा न सापडणारा मोजा. त्या धबडग्यात आईच्या वाट्याला "नंतर करते हं आई" एवढंच यायचं. आईही काही कच्ची नव्हती. चौथ्या दवाखान्यापासून पाचव्यापर्यंत लांबचा पल्ला, वीस मिनिटं गाडीतून उतरणं नाही, हे तिनं हेरलं होतं. सव्वापाच वाजले की बाईंचा फोन लागलाच. ती वीस मिनिटं लेक त्यांची एकटीची. दिवसातलं बाकी सगळं म्हणजे सव्वापाचची वाट बघणं.

गाडी चालवताना हातात फोन दिसला तर नोकरी गेली समजा, अशी सूचना लॅबनं लावली, तेव्हा बाईंनीच लगबगीनं दुकानात जाऊन कानात अडकवायचं हँड्सफ्री आणलं. हात मोकळे, मग काळजी कसली, असं त्या जिन्यात भेटेल त्याला ऐकवायच्या. मनात एकच सल होता. चिमी पलीकडून नुसती "हं, हं" करायची. ऐकते की ऐकल्यासारखं करते, देव जाणे. कधी कधी बाईंना वाटायचं, आपण भिंतीशी बोलतोय. मग स्वतःची समजूत घालायच्या, भिंत तर भिंत, पण आपली आहे ना.

एका मंगळवारी बाईंना डोळे तपासायला जायचं होतं. दवाखाना चिमीच्या वाटेवरच होता. साहेबांची परवानगी काढून चिमीनं आईला व्हॅनमध्ये शेजारी बसवलं. बाईंना कोण आनंद! फोन नको, काही नको, लेक समोर आहे आणि पट्टा लावलेला असल्यामुळे उठून जाऊ शकत नाही. नळाच्या वायसरपासून सुरुवात झाली. पण चौक आला की बाई आपोआप गप्प व्हायच्या. समोरून ट्रक वळला की वाक्य तिथेच अर्ध्यावर. ट्रक गेला की पुढे चालू. त्यात त्यांनी काही शहाणपण केलं असं नाही. शेजारी बसलेलं कुणीही हेच करतं, कारण जीव आपलाही असतो.

तेवढ्यात मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे बाईंची धाकटी बहीण, बोलण्यात थोरलीच्या वरताण. चिमीनं कानाशी बोट नेलं. मावशीचा आवाज असा की कानातल्या एवढ्याशा यंत्रातून शेजारच्यालाही ऐकू यावा. खोलीला पडदे घ्यायचे होते, निळे की बदामी हे तिला चिमीकडून ठरवून हवं होतं. चिमी हं, हं करत होती आणि बाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. हात स्टिअरिंगवर होते, डोळे समोर होते, पण त्या डोळ्यांत चिमी नव्हती. घरात दिवा जळत असावा आणि माणूस शेजारी गेलेलं असावं, तसं दिसत होतं ते. चौक आला. मावशी काही थांबली नाही. तिला बिचारीला चौक दिसतच नव्हता.

पुढे रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे होते आणि एक माणूस भली मोठी कुंडी छातीशी धरून त्यावरून चालला होता. झाडामागे त्याचं तोंडही दिसत नव्हतं. चिमीचा पाय काही हलेना.

"चिमे, थांब!"

व्हॅन करकचून थांबली. मागे पेटी धाडकन आदळली. कुंडीवाला हातभर अंतरावर उभा होता. त्यानं पानांतून डोकं बाहेर काढून दोघींकडे पाहिलं. तो झाड सावरत पलीकडे निघून गेला.

चिमीनं गाडी बाजूला घेतली.

"मी समोरच बघत होते आई," चिमी म्हणाली. "शपथ. पण तो मला दिसलाच नाही."

कानात मावशी अजून बदामी पडद्यावरच होती. चिमीनं ते यंत्र काढून ठेवलं. बाईंचा सगळा राग बहिणीवर निघाला. काळवेळ आहे की नाही बाईला, लेकरू गाडी चालवतंय आणि हिला पडदे सुचतायत, लहानपणापासून अशीच, दुसऱ्याचा विचार म्हणून नाही. चिमीनं ते सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं.

"मावशीचं काय घेऊन बसलीस," ती हळूच म्हणाली. "तिचा महिन्यातून एखादा फोन येतो."

पुढचं वाक्य ती बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. डोळे तपासायला निघालेल्या बाईंना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसलं होतं, आपलं मुसळ दिसलं नव्हतं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

मग त्यांनी विचारलं, काल मी फोनवर असताना तू पुलावरून गेलीस तेव्हा गर्दी होती का? चिमीनं आठवून पाहिलं. पूल कधी आला आणि कधी गेला, तिला काही सांगता येईना. सिग्नल लाल होता की हिरवा, तेही नाही. मग बाईंनी भीत भीत विचारलं, मी काय सांगत होते ते तरी आठवतंय का?

"सगळं आठवतंय. शिंपीणकाकूंनी तुझ्या ब्लाउजचा गळा मोठा केला. तू त्यांना म्हणालीस, असू दे. पण तुला वाईट वाटलं, कारण ते कापड बाबांनी आणलेलं होतं."

बाई बघतच राहिल्या. कापड बाबांनी आणलेलं, हे त्या बोललेल्या नव्हत्या. चिमीनं ते नुसत्या आवाजावरून ओळखलं होतं. म्हणजे ही भिंत नव्हतीच. तीन वर्षं पोरगी एकेक शब्द झेलत होती, जीव लावून ऐकत होती, म्हणून तर पूल दिसत नव्हता. हँड्सफ्रीनं हात तेवढे मोकळे ठेवले होते, मन सगळं आईपाशी. बाईंना रडू आलं. इतकं कुणी आपलं ऐकतं, हे कळायला आणि ते सोडायची वेळ यायला एकच गाठ पडावी ना!

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, पण बाकी काय सांगितलं, ते त्या दिवशी दोघींपैकी कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

बाईंनी कानाला खडा लावला. बुधवारी सव्वापाच वाजले तेव्हा त्यांनी फोन कपाटात ठेवला आणि कपाटासमोर खुर्ची टाकून बसल्या. जाऊन जाऊन घड्याळाचा काटा जातो किती पुढे! साडेपाचला न राहवून फोन काढला आणि बहिणीला लावला. चिमी गाडी चालवत असेल तेव्हा तिला फोन केलास तर याद राख, असं खडसावलं. मावशीला कुंडीवाल्याची गोष्ट ऐकून धक्काच बसला. ती गप्प झाली, आणि मावशी गप्प होणं म्हणजे मोठीच घटना. मग बाईंना तिची दया आली. त्यांनी विचारलं, पडद्यांचं काय ठरलं? त्या पडद्यांवर दोघी बहिणी पाऊण तास बोलल्या. दोन-चार वर्षांत एवढं बोलणं झालं नव्हतं. ठरलं मात्र काहीच नाही.

बहीण झाली तरी लेकीची सर येते थोडीच? गुरुवारी पावणेपाचपासूनच बाईंचा जीव कासावीस व्हायला लागला. आणि सव्वापाचला फोन वाजला. चिमीचा होता. काल फोन आला नाही, बरी आहेस ना, तिनं एका दमात विचारलं. मागून हॉर्न ऐकू येत होते.

"गाडी चालू आहे?" बाईंनी विचारलं.

"हो, पण मी हळू..."

बाईंनी फोन कापला.

एकतीस वर्षांत त्यांनी कुणाचा फोन आपण होऊन कापला नव्हता. मध्यरात्री रडणारे नातेवाईक, शिव्या देणारे नातेवाईक, चुकून लागलेले दारुडे, कुणाचाच नाही. आणि कापला तो पोटच्या पोरीचा. फोन पुन्हा वाजला. त्यांनी पुन्हा कापला आणि पदर तोंडात धरून बसून राहिल्या. आता चिमी रागावली असेल. रागावू दे. उद्याही बोलणार नाही कदाचित. न बोलू दे. हातीपायी धड घरी जाऊ दे, मग आयुष्यभर अबोला धरला तरी चालेल. असं सगळं मनाशी म्हणून झालं, तरी डोळे गळतच होते.

पाच चाळीसला फोन वाजला. बाईंनी उचलला आणि आधी नुसता कान लावला. ना हॉर्न, ना इंजिनाची घरघर.

"पाचव्या दवाखान्याच्या आवारात उभी आहे," चिमी म्हणाली. "चावी काढून हातात घेतलीय. इथे नळ्यांवर नावं चिकटवून होईपर्यंत दहा मिनिटं लागतात. रोजच लागतात. मी आत जाऊन घड्याळाकडे बघत उभी राहते."

दहा मिनिटं! तीन वर्षं ही दहा मिनिटं तिथे आयती पडून होती आणि दोघींपैकी एकीलाही ती दिसली नव्हती. बाई बोलायला गेल्या. दोन दिवसांचं साठलेलं होतं, वायसर होता, डोळ्यांचे थेंब होते, मावशीचे पडदे होते. पण चिमीचा श्वास त्यांना वेगळा वाटला. एकतीस वर्षांचा कान होता तो.

"माझं राहू दे," त्या म्हणाल्या. "तू सांग. काय झालंय?"

चालत्या व्हॅनमध्ये फोन आला की चिमीला नुसतं हं म्हणता यायचं. बोलायला लागली असती तर गाडीच चालवता आली नसती. आता गाडी उभी होती. मग हळूहळू निघालं सगळं. मंगळवारपासून प्रत्येक पट्ट्याशी तिला तो माणूस दिसत होता. रिकाम्या रस्त्यावरही ती ब्रेक लावत होती. मागचे लोक हॉर्न मारत होते. नोकरी सोडावी असं वाटत होतं आणि सोडायचीही नव्हती, कारण ही व्हॅन तिला मनापासून आवडायची. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगता सांगता ती रडायला लागली. रडताना बोलता येईना, म्हणून सॉरी, सॉरी म्हणत राहिली.

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "मी आहे लाइनवर."

चिमी पोटभर रडली. मग नाक पुसून म्हणाली, भीती वाटतेय ते बरंच आहे म्हणायचं, आता पट्टे तरी दिसतात. बाई म्हणाल्या, दिसू देत, ब्रेक लाव आणि मागच्यांना वाजवू दे. त्यावर चिमी हसली. तेवढ्यात दवाखान्यातून कुणीतरी तिला हाक मारली. डबा तयार होता.

"उद्या इथे पोचले की मीच करते. तू करू नकोस."

"नाही करत," बाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आज आपण आपलं असं एक अक्षरही बोललो नाही. तरी पोट भरल्यासारखं वाटत होतं. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले आणि ते मुरेपर्यंत खुर्चीत शांत बसून राहिल्या.