नव्वदच्या खाली

बेकरीवाल्याला त्याची थोरली बहीण लहानपणापासून ढब्बू म्हणायची. चाळिशी उलटली तरी त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटलं ते डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं त्या दिवशी. ताईच्या दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले होते. आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून तिचं रक्त शुद्ध करावं लागे. आपलं मूत्रपिंड द्यायला घरातले सगळे तयार होते, पण जुळलं एकट्या ढब्बूचं. आणि काटा एकशे दहावर जाऊन थांबला.

"नव्वदच्या खाली या, मग पुढच्या तपासण्या करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एवढ्या वजनावर ऑपरेशन तुमच्याच जिवावर बेतेल."

"वीस किलो," बाहेर आल्यावर तो म्हणाला.

"मैद्याचं अर्धं पोतंसुद्धा नाही," ताई म्हणाली. "रोज तर उचलतोस."

त्याने रस्त्यावर पळून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी गुडघा धरला, आणि गल्लीला फुकटचा तमाशा झाला तो वेगळाच. व्यायामशाळेत गेला, तर तिथले भिंतभर आरसे बघून दारातूनच मागे फिरला. तेव्हा भाचीने कपाटातून आपला जुना व्हिडिओ गेम काढला. दोन्ही हातांत एकेक रिमोट धरून टीव्हीसमोर उभं राहायचं आणि पडद्यावरच्या पैलवानाला हवेतच ठोसे मारायचे. त्याचे ठोसे चुकवायला वाकायचं, सरकायचं.

"मामा, तो मारायला आला की पटकन खाली बसायचं. बघत नाही राहायचं."

"बसेन गं. उठवणार कोण?"

ताई सोफ्यावर आडवी होऊन हसली. त्या घरात कित्येक महिन्यांनी कोणी हसलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर ओढून तो पुन्हा आला, आणि मग रोजच येऊ लागला. खालच्या मजल्यावरच्या काकू छत हादरतं म्हणून भांडायला आल्या, तर ताईने दोन जुन्या गाद्या जमिनीवर अंथरल्या. दिवसभर पावाच्या वासात उभं राहून तो उकडलेल्या भाज्या खाई. कधी आठवड्याला किलो उतरे, कधी अर्धा.

खेळून झालं की तो घामाने निथळत स्वयंपाकघरात जाई आणि पाठमोरा उभा राहून घटाघट पाणी पिई. अंगात पाणी साठू नये म्हणून ताईला दिवसभराचं पाणी मापून मिळायचं. तहान फारच झाली की ती बर्फाचा खडा चघळायची.

"तिथे जाऊन पितोस ते मला ऐकू येतं रे," एकदा ती म्हणाली. "इथेच पी. निदान बघू तरी दे."

त्या दिवशी तो तिच्यासमोर बसून एक पेला पाणी प्यायला. ती शेवटच्या घोटापर्यंत बघत होती.

चौथ्या महिन्यात काटा सत्त्याण्णववर अडला, तो हलेचना. ताईचा चेहरा सुजू लागला होता, जिना चढताना ती तीनदा थांबायची. ढब्बूने कोणाला न सांगता ती मशीनवर गेली असतानाही येऊन खेळायला सुरुवात केली. एकदा सलग दोन तास खेळला आणि पोटरीत काहीतरी तटकन तुटलं. भाऊजींनी त्याला खांद्याचा आधार देऊन खाली उतरवलं. तीन आठवडे तो खुर्चीला खिळला.

"घाई कोणाला आहे?" ताई फोनवर म्हणाली. पण ते म्हणतानाही तिला दम लागला होता.

बरा झाल्यावर तो पुन्हा उभा राहिला. ब्याण्णववर आला त्याच आठवड्यात ताईच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला. नऊ दिवस ती दवाखान्यात होती. दहाव्या दिवशी गेली.

"त्या तीन आठवड्यांनी काही फरक पडला नसता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याने मान हलवली. असं सगळ्यांनाच सांगत असतील, त्याला वाटलं.

दुकानात गिऱ्हाइकं कौतुक करू लागली. "छान बारीक झालात हो. काय करता काय?"

"घरीच खेळतो," तो सांगे आणि पाव कागदात गुंडाळून देई.

दोन महिन्यांनी दवाखान्यातून फोन आला. बाई नवीन असाव्यात. "दात्याच्या तपासणीची तारीख आलीय. बुधवारी दहाला या. वजन किती आहे आता?"

"शहाऐंशी." ताई गेल्यापासून घास गिळवत नव्हता.

"अरे वा. येताना पेशंटलाही घेऊन या."

सांगायला त्याने तोंड उघडलं, पण "बरं" एवढंच बाहेर पडलं.

बुधवारी तो गेला. फोनवर सांगता आलं असतं, पण आपणहून उलट फोन लावायचं बळ नव्हतं. नंबर घेऊन तासभर रांगेत बसला. खिडकीतल्या बाईंनी त्याच्या मागे पाहिलं. "पेशंट कुठे आहेत?"

"ती वारली," तो म्हणाला. "दोन महिने झाले."

बाई ओशाळल्या. "आमच्याकडे नोंदच आली नाही हो. माफ करा." त्यांनी फायलीवर आडवी रेघ मारली, ती बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि अगदी हलक्या आवाजात पुढचा नंबर पुकारला.

तो बाहेर येऊन फाटकाजवळच्या बाकावर बसला. दुकानात मळून ठेवलेलं पीठ फुगून एव्हाना घमेल्याबाहेर आलं असेल, हे त्याला कळत होतं. तरी तो उठला नाही.