चार बोटांचा उतार

बाबांची अट होती. रविवारी आत्या यायच्या आत टाकी भरलेली आणि पाणी नितळ दिसलं पाहिजे. नाहीतर टाकीत माती भरून वांगी लावायची. रोपंसुद्धा आणून ठेवली होती त्यांनी, टाकीच्या शेजारीच, मला दिसतील अशी. वांग्यांच्या बाबतीत बाबा गंमत करत नाहीत.

टाकी म्हणजे गुरांना पाणी पाजायची असते ती. पत्र्याची, गोल, ऐसपैस, माझ्या कमरेच्या जरा खालपर्यंत येणारी. मी ती हट्टाने मागवली होती आत्यासाठी. (थोडी माझ्यासाठी. बरं, बरीचशी माझ्यासाठी.) आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. आत्या म्हणाली, चारचौघांसमोर तलावात लंगडायला मी काही येणार नाही. जिने मला पोहायला शिकवलं ती बाई दिवसभर खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघते, हे मला सहनच होत नव्हतं.

तर रविवार उजाडला आणि पाणी असं नितळ की तळाचं बूचसुद्धा लख्ख दिसत होतं! पंप गुरगुरत होता, गाळणी मी पुन्हा एकदा धुतली होती, औषधाची गोळी तरंगत्या डबीत टाकली होती. आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं आणि तेच मला जमत नाही. मी टाकीभोवती घिरट्या घालत होते.

"अगं, बस की जरा," आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. "पाणी काय पळून जाणारे?"

बसले. टाकीला टेकून. आणि तेव्हाच दिसलं.

कुंपणाच्या बाजूला पाणी अगदी काठाला लागलेलं. खिडकीच्या बाजूला काठापासून चार बोटं खाली. मी बोटं लावून बघितली. मग दुसऱ्या हाताची लावून बघितली, जणू पहिली खोटं बोलत होती.

पाणी कधी तिरकं राहत नाही. तिरकी होती ती टाकी.

वाळू पसरायची, पाणी मारायचं, ठोकायची, पाणसळ ठेवून तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत पुन्हा ठोकायची. हे सगळं मला पाठ होतं हो! पण टाकी दारात आल्यावर राहवतंय कुणाला? मी वाळूवर चपला घालून नाचले, 'झालं सपाट' म्हणाले आणि पाइप सोडला. आता कुंपणाकडची वाळू वजनाने दबून टाकीखालून बाहेर येत होती.

बाबा चहाचा कप घेऊन आले. पाण्यात डोकावले. "वा! जिंकलीस की गं. रोपं परत करतो मी."

त्यांना दिसलंच नाही. आईलाही नाही. मी गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, आणि बाप तर समोरच उभा होता! पण वाळू अशीच सरकत राहिली तर? आत आत्या, नव्या गुडघ्यावर पहिल्यांदा भार देतेय, आणि टाकी हलली तर?

मी दंड भिजेपर्यंत हात आत घातला आणि बूच उपटलं.

"ए! डोकंबिकं फिरलं का तुझं?"

"टाकी तिरकी आहे."

"कुठे तिरकी?"

मी त्यांचा हात धरून त्यांचीच बोटं काठाला लावली.

"हात्तिच्या, एवढंसंच!"

"एवढंसंच. आणि आत्या आत उभी राहणार."

बाबांनी चहाचा घोट घेतला. "अट म्हणजे अट हं."

"माहितीये," मी म्हणाले. आवाज भलताच बारीक निघाला.

वाहून जायला पाणी किती वेळ लावतं! मी नाल्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग मी आणि आईने टाकी बाजूला कलंडवली, वाळू भरली, भिजवली, फळीने धोपटली. बाबा हाताची घडी घालून बघत होते.

"तिथे खळगा राहिलाय," ते शेवटी म्हणालेच. मग "सरक" म्हणाले आणि फळी माझ्या हातातून घेतली. "अट आहेच," हेही म्हणाले.

बुडबुडा मधोमध आला, टाकी जागेवर बसली, बूच परत लागलं, आणि दारात आत्याची काठी वाजली.

"ताई, बघ तुझ्या भिंगरीचे प्रताप," बाबा म्हणाले. "भरलेली टाकी ओतून दिली. आता वांगी."

"का गं भिंगरे?"

मी एका दमात सगळं सांगितलं, नाचण्यासकट. आत्याने काठीने टाकी ठोकून बघितली. मग भावाकडे वळली.

"वांगी तुझ्या डोक्यावर लाव. पायरी कुठे आहे? मला आत घे."

"अगं, पाणी कुठंय त्यात?"

"येईल की."

आई आणि बाबांनी दोन्हीकडून धरून तिला आत उतरवलं, स्टुलावर बसवलं. मी पाइप सोडला. पाणी तळावर पसरलं, तिच्या बोटांपर्यंत आलं. मी या बाजूने वाकले, त्या बाजूने वाकले.

"डाव्या घोट्याला लागलं! उजव्या? आत्या, उजव्या?"

"आधी बस. मग सांगते."

बसले. हात मांड्यांखाली दाबून.

आत्या मुद्दाम सावकाश खाली वाकली. "दोन्हीकडे सारखंच आहे गं."

बाबांनी रोपं उचलली आणि कुंपणाकडे नेली. पाणी पोटऱ्यांच्या वर चढलं तेव्हा आत्याने काठ घट्ट धरला, डोळे मिटले आणि उठली.

एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

"भिंगरे," ती म्हणाली, "तो पाइप बाजूला घे. मधेमधे येतोय माझ्या."